कारेलीबागेत वळवलेलं जहाज

बडोद्यापासून समुद्र लांब, पण आमच्या घरी जेवणाच्या टेबलावरसुद्धा धक्के आणि जहाजं असायची. बाबा बंदरांचे आराखडे करणाऱ्या कंपनीत इंजिनियर होते. देशाचे दरवाजे परदेशी व्यापाराला उघडले तशी परदेशी जहाजं लांबच लांब होत चालली, आणि एका जुन्या बंदरात ती आणायचं काम कंपनीला मिळालं. नवा धक्का, नव्या क्रेन, सगळं ठरलं. बाबांचा हेका एकच: आत आलेलं जहाज तोंड फिरवून परत जाणार कसं? वळायची जागा अपुरी आहे, खोदून वाढवा, नाहीतर ते धक्क्यावर आदळेल. तीन महिने त्यांचा रिपोर्ट साहेबांच्या टेबलावर पडून होता. दिवाळीनंतर बाबा रिटायर होणार, मग हे बोलायलाही कोणी उरणार नव्हतं. त्यांची चिडचिड ऐकायला आई आणि मी होतोच.

साहेब गुजराती, तरुण, कागद वाचायचा भारी कंटाळा. शेवटी म्हणाले, "काका, कागळमां नहीं, नजरे बतावो."

बाबांनी ते मनावर घेतलं. रविवारी सकाळी त्यांनी कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीच्या पटांगणात मोजायची टेप लावून, प्रमाणात, चुन्याने बंदर आखलं. मधोमध वळायचं वर्तुळ. वीस शेजारी एकामागे एक उभे करून त्यांच्या हातात लांबलचक सतरंजी दिली, हे जहाज. समोरच्या घरातले निवृत्त बँक मॅनेजर त्याचं नाक. आई आणि मी जहाज ढकलणाऱ्या टगबोटी. साहेब नव्या कोऱ्या गाडीतून आले आणि ती नेमकी चुन्याने आखलेल्या धक्क्यावर लावली. बाबा म्हणाले, "राहू दे, तिथे धक्काच आहे."

जहाज मोठ्या दिमाखात आत आलं. नवरात्र चार दिवसांवर होतं आणि मांडववाला कोपऱ्यात भोंगे तपासत होता. आम्ही वळायला लागलो आणि त्याने गरब्याची कॅसेट लावली. बडोद्याच्या माणसाला पटांगणात वर्तुळ दाखवून वर ढोल ऐकवला की पुढचं त्याच्या हातात राहत नाही. जहाज केळ्यासारखं वाकलं आणि चुन्याच्या रेषेवरून ठेक्यात फिरत, कुठेही न घासता बाहेर पडलं. नाकाने मध्येच एक गिरकीही घेतली.

"जुओ काका, फरी गयुं ने?" जहाज फिरलं म्हणून साहेब खूश होते.

"अहो, जहाज वाकत नाही," बाबा म्हणाले. "लोखंडाचं असतं ते."

मला अख्ख्या सोसायटीचा राग आला, आणि स्वतःचा जास्त, कारण दोन पावलं मीही नाचले होते.

आईने कॅसेट बंद करायला लावली, मांडववाल्याचे लांब बांबू टोकाला टोक लावून बांधून घेतले आणि सगळ्यांना ते घट्ट धरायला सांगितलं. आता जहाज ताठ होतं. पुन्हा वळायला लागलो. अर्ध्यात आल्यावर मागचं टोक धक्क्याकडे सरकू लागलं. सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा थांबा म्हणाले नाहीत.

काच फुटल्याचा आवाज झाला. गाडीचा पुढचा दिवा चुन्यात पडला होता.

साहेबांनी वाकून ते तुकडे बघितले. मग हळूच म्हणाले, "काका, केटली जग्या वधारवी पडशे?"

किती जागा वाढवायची, तो रिपोर्टातला आकडा बाबांनी सांगितला. साहेबांनी तो जन्मात पहिल्यांदाच ऐकल्यासारखा डायरीत लिहून घेतला.