ओळखीची रेष

"आधी नाक, दीदी," असं म्हणत ती अंगठा समोर धरायची आणि एक डोळा मिटायची. मग अपॉइंटमेंट कार्डाच्या मागे एका दमात नाक उमटायचं आणि त्याच्या मागोमाग माणूस. डोळे खोटं बोलतात, ओठही बोलतात, नाकाला ते जमत नाही, असं तिचं मत होतं.

दुबईत, करामातल्या आमच्या दातांच्या दवाखान्यात ती रिसेप्शनवर होती, मी शेजारी बिलिंगला. केनियातल्या एका तळ्याकाठच्या गावची, सव्वीस वर्षांची, उंचीमुळे जरा वाकून चालणारी. आमचं बोलणं हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत चालायचं. खुर्चीत बसायला तयार नसलेल्या पोरांना ती डॉक्टरांचं भलंमोठं नाक काढून द्यायची. पोरं ते कार्ड मुठीत धरून निमूट आत जायची. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. आपण त्याच्याबरोबर हसतो, पण इथे येण्याआधी ते कोण होतं हे विचारत नाही. मीही वर्षभर विचारलं नाही.

दुपारी दवाखाना बंद असताना, माझ्या डब्यातलं थालीपीठ खात तिने आपणहून सांगितलं. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. पंक्चर निघेपर्यंत थांबलेल्या गिऱ्हाइकाचं चित्र ही पोर दुकानाच्या पत्र्यावर खडूने काढायची. गिऱ्हाईक चिडलं की वडील म्हणायचे, "हवा फुकट भरून देतो, पण चित्र पुसायचं नाही." पुढे शाळेतल्या मास्तरांनी तिची चित्रं एका छोट्या साप्ताहिकाकडे नेली. तिथे दोन वर्षं, दर आठवड्याला एक व्यंगचित्र.

मग तिथल्या एका पुढाऱ्याने नळाचं उद्घाटन केलं. नळाला पाणी नव्हतं. हिने चित्र काढलं: पुढारी उन्हात भाषण करतोय आणि एक म्हातारी त्याच्या हनुवटीखाली, घामाच्या धारेला बादली लावून उभी आहे. गाव आठवडाभर हसलं. नंतर काही माणसं दुकानात आली आणि सगळ्या सायकली गटारात फेकून गेली. महिन्याभरात वडिलांनी एजंट गाठून तिला दुबईला पाठवलं.

"मग आता?" मी विचारलं.

"आता दात," ती म्हणाली.

काही महिन्यांनी तिने मला फोनवर एक फोटो दाखवला. तोच पुढारी, तोच नळ, दुसऱ्यांदा उद्घाटन. दुसऱ्या दिवशी चित्र तयार होतं. रिबन नवी, म्हातारीच्या बादलीत मात्र आता कोंबडी अंडी उबवत बसलेली. मी इतकी हसले की डॉक्टर बाहेर आले.

"पाठव ना," मी म्हणाले.

"वडिलांनी नको सांगितलंय."

"नाव बदलून पाठव. कोणाला कळणार आहे?"

ते त्याच साप्ताहिकात छापून आलं, दुसऱ्याच नावाने. आम्ही खालून दोन करक चहा मागवले.

चार दिवसांनी तिच्या धाकट्या भावाला पोलिसांनी सायकलचोरीच्या चौकशीसाठी नेलं. दुकान तोच सांभाळायचा.

"त्यांनी सही वाचलीच नाही, दीदी," ती म्हणाली. "रेष बघितली."

डॉक्टर म्हणाले, सुट्टी घे, जा. वडिलांनी फोनवर सांगितलं, येऊ नकोस, त्यांना तूच हवी आहेस. माझ्या नवऱ्याने ओळखीच्या वकिलाला विचारलं. इथल्या वकिलाचं तिकडे काय चालणार? माझी मुलगी म्हणाली, "मम्मा, इट्स नॉट युअर फॉल्ट." तिला मी अर्धीच गोष्ट सांगितली होती.

आठ दिवस ती काउंटरवर बसून येणाऱ्याला गुड मॉर्निंग म्हणत राहिली. एका मुलाने कार्ड पुढे केलं, तर तिने त्यावर पुढची तारीख लिहून परत दिलं. मी बिलं करत होते. दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

शेवटी वडील पुढाऱ्याच्या घरी गेले आणि शब्द देऊन आले, की मुलगी पुन्हा चित्र काढणार नाही. त्या शब्दावर भाऊ सुटला. पण त्याला दुकान झेपेना, म्हणून तिने नोकरी सोडली. "खलास, दीदी," एवढंच म्हणाली. तिची बॅग भरायला मी गेले होते.

"मी तुला सांगायला नको होतं," मी म्हणाले.

"मी ऐकायला नको होतं," ती म्हणाली आणि अडकलेली चेन ओढत राहिली.

मागच्या महिन्यात तिचा व्हिडिओ कॉल आला. हात वंगणाने काळे, मागे सायकली. पंक्चर आता तीच काढते. भाऊ स्टुलावर बसून चाकाच्या तारा घासत होता. तिने फोन त्याच्याकडे वळवला. मी दोनदा हॅलो म्हटलं. त्याने मान वर केली नाही. मला वाटलं, बरोबर आहे, का बोलावं त्याने माझ्याशी.

"थांबा दीदी," ती म्हणाली. "चौकशीनंतर या कानाने त्याला ऐकू येत नाही."

ती फोन घेऊन त्याच्या दुसऱ्या बाजूला गेली. आता त्याने वर बघितलं, हात पँटला पुसला आणि अदबीने म्हणाला, "हॅलो, मॅडम."

त्याला काय सांगायचं ते मी कितीतरी दिवस मनात जुळवून ठेवलं होतं.

"जेवलात का?" मी विचारलं.