तहसिलीसाठी दिलेला तलाव

रामाजी पाटलांनी माझ्या बापाला फसवलं. तहसील कचेरीला जागा पाहिजे म्हणून बोरतळ्याचा गावतलाव त्यांनी माझ्या बापाच्या हातून रिकामा करून घेतला. कचेरी खैरपेठला गेली. तलावाच्या जागेवर रामाजींच्या जावयाचं मंगल कार्यालय उभं राहिलं. आणि आता गावात सांगतात की आम्ही मासे धरणाऱ्या ढिवरांनी तलाव स्वखुशीने दिला.

तालुका परत मिळवायला निघालेल्या कृती समितीची स्मरणिका निघते आहे. त्यात बाहेरगावी गेलेल्यांच्या आठवणी हव्या आहेत. मला तर विषयही ठरवून दिला आहे, 'ढिवर समाजाचा त्याग'. मी त्याग पाहिलेला नाही. जे पाहिलं ते लिहितो. छापायचं असेल तर पूर्ण छापा.

आम्ही गाव सोडलं ते सकाळच्या गाडीने. चामोर्शीला गाडी बदलून पुढे बल्लारपूर. जाळी सोबत घ्यायची नाही असं बाबांनी सांगितलं होतं. मायने ऐकलं नाही. बांधायला दोरी नव्हती, म्हणून भांडी, गोधड्या, तांदळाचं पोतं असं सगळं तिने मोठ्या जाळ्यात घातलं आणि वरून गाठ मारली. कंडक्टरने ते गाठोडं पाहिलं आणि दारातच अडवलं.

"मासोळ्या हायेत काय वं बाई? वास सुटन गाडीत."

"मासोळ्या नाई भाऊ, संसार हाय," माय म्हणाली.

"मंग टपावर टाका. संसाराचंबी लगेज लागते."

गाडीतले लोक हसले, मायही हसली. बाबा खिडकीजवळ बसून बाहेर बघत होते. स्टँडवर नवी पाटी लागलेली होती, 'बोरतळा, तालुका बोरतळा'. मुख्यालय खैरपेठला नेण्याचा हुकूम तोवर आलेला होता, पण पाटी काढायला कोणी आलं नव्हतं. ती अजूनही आहे. गाडी निघाली तेव्हा मला काय वाटलं, असं माझी मुलं विचारतात. काही वाटलं नाही. टपावरचं गाठोडं पडतं की काय, एवढंच मी बघत होतो.

ज्यांना हे भांडण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. नवे तालुके होणार अशी हवा होती. आमच्या भागातला तालुका बोरतळ्याला की खैरपेठला, यावर दोन गावं हट्टाला पेटली. दोन्ही गावांच्या मध्ये एक नाला आणि मोहाची थोडी झाडं, बाकी सगळी सोयरीक. त्यांच्या मुली आमच्याकडे, आमच्या त्यांच्याकडे. आमच्या गावात इंग्रजांच्या वेळचं ठाणं होतं आणि ढोरांचा कोंडवाडा होता. त्यांच्याकडे गोंड राजाच्या गढीची एक भिंत होती. आठवडी बाजारात पानठेल्यावर हेच चालायचं.

"तुमच्या इथी इंग्रजानं काय केलं? ढोरं कोंडली. आमच्या इथी राजा बसत होता," खैरपेठचा कोणीतरी सुरू करी.

"राजा बसत होता, तं आता साधा पटवारी काऊन नाई बसत?" आमचा कोणीतरी उलटून विचारी.

मग दोन्ही गावांनी आपापल्या मास्तरांना कामाला लावलं. आमच्या मास्तरांच्या लिखाणात कोंडवाड्याचं 'प्राचीन प्रशासकीय केंद्र' झालं. त्यांच्या मास्तरांची भिंत दर निवेदनात थोडी उंच होत गेली. आज दोन्ही बाजूंचा तो इतिहास कोर्टात लागलेला आहे आणि तारखा पडत आहेत.

पाहणीला आलेल्या एका साहेबाने मात्र इतिहास ऐकून घेतला नाही. कचेरी, कोर्ट, क्वार्टर सगळं एका ठिकाणी मावेल अशी रस्त्यालगतची सरकारी जागा दाखवा, म्हणाला. बोरतळ्याला रस्त्यालगत गावतलाव होता, दुसरं काही नव्हतं. धानाचं पाणी जंगलाकडच्या मोठ्या तलावातून येई, म्हणून शेतकऱ्यांचं गावतलावावर काही अडत नव्हतं. अडत होतं आम्हा ढिवरांचं. मासोळी तिथली, शिंगाडा तिथला. कागदावर तलाव सरकारचा होता, पण आजोबाच्या आधीपासून त्यात जाळं आमचंच पडत आलं होतं.

तलावातलं पाणी सोडायच्या भोकाला आणि त्याच्या लाकडी बुचाला आमच्याकडे तुडूम म्हणतात. गावतलावाचं तुडूम खोल गाळात होतं. ते नेमकं कुठे आहे आणि कसं ओढायचं, हे माझ्या बाबांना, लक्ष्मण ढिवराला, ठाऊक होतं. म्हणून रामाजी पाटील आमच्या घरी आले. आमच्या बाजेवर बसले, आमच्या कपात चहा प्याले. यापूर्वी त्यांनी आमच्या अंगणातही पाय ठेवला नव्हता.

"लक्ष्मण, गाव तुह्या हातात हाय," ते म्हणाले. "कचेरी आली का ढिवरायचे पोरं शिपाई लागतीन. समोर तुमच्याच दुकानायची लाईन राहीन. म्या बसलो हावो ना इथी."

"तुमी म्हनान तसं, पाटील," बाबा म्हणाले.

मी तेव्हा मिसरूड फुटलेला, तापट. मध्येच बोललो, "आधी पोरं कामावर घ्या. मंग तुडूम खोलू."

रामाजी हसले. "पोरगं हुशार हाय तुह्यं. याले बजारात बसव."

ते गेल्यावर बाबांनी माझ्या कानाखाली वाजवली. "घरी येऊन बसलेल्या मानसासंगं भाव करतेस?" या एका वाक्यावर आमचा तलाव गेला. माय चुलीपुढे होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "चहाच पेला त्यानं. सोयरा नाई झाला."

पाणी सोडलं त्या दिवशी गावात सणासारखं होतं. बँड होता. बाबांना शाल दिली, नारळ दिला. ती शाल पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, काढून ठेवून ते पाण्यात उतरले. बराच वेळ वर आले नाहीत. आले तेव्हा अंगभर काळा गाळ होता आणि हातात बूच होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे पाणी जसं उतरत गेलं तसं सगळं गाव टोपल्या घेऊन आत शिरलं. मरळ, रोहू, कतला, ज्याच्या हाती लागेल ते त्याचं. खैरपेठचे लोकही आले होते. उद्या आपण त्यांचा तालुका होणार म्हणून आमच्या लोकांनी त्यांना मोठ्या मनाने मासोळ्या वाटल्या. माय घरातून बाहेर आली नाही. शेजारणीने हाक मारली तेव्हा म्हणाली, "खा, आजच खाऊन घ्या सगळं."

मग मुरमाचे ट्रक आले. तलाव बुजवला. एका भाड्याच्या घरात कचेरी बसली, पाटी लागली, शिपाई बाहेरगावचे आले. निवडणूक झाली आणि हुकूम निघाला की तालुक्याचं नाव बोरतळा राहील, मुख्यालय प्रशासकीय सोयीसाठी खैरपेठला राहील. म्हणजे नाव आमचं आणि कचेरी त्यांची. एका रात्रीत आम्ही आमच्याच तालुक्याचे बाहेरचे झालो. दाखला आणायला नाला ओलांडून जायचं आणि तिथल्या बाबूने विचारायचं, कोणता तालुका? आपण म्हणायचं, बोरतळा. मग त्याने हसायचं.

शेतकऱ्यांनी मोर्चे काढले, कारण त्यांना मोर्च्यातून परत यायला शेत होतं. आम्हाला परत यायला पाणी नव्हतं. ढिवरांची घरं एक एक करून उठली. कोणी वैनगंगेकडे सरकले, कोणी विटाभट्टीवर गेले, आम्ही बल्लारपूरला.

बाबांनी तिथे बांबूच्या डेपोत हमाली केली. पाण्यात वाढलेला माणूस दिवसभर कोरड्या बांबूंमध्ये. त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. उलट नव्या ओळखीच्या माणसाला सांगत, "आमच्या गावचे पाटील मह्या घरी चहा पेले होते." मला ते ऐकवत नसे. मी उठून जाई. बाबा वारले तेव्हा मी रडलो नाही. लाकडं किती लागतील, रिक्षावाला किती घेईल हे बोलत होतो आणि त्याच्याशी भांडतही होतो. हे निर्दयपणाने केलं असं कोणाला वाटत असेल तर वाटू द्या. आतून काही येतच नव्हतं.

मी मात्र बाजारात बसलो. स्टेशनजवळ मासोळीच्या एका टोपलीने सुरुवात केली. आता माझ्याकडे आंध्रातून बर्फाच्या गाड्या येतात. क्रेट उतरण्याआधी मी माल फोडून बघतो, रेट पाडतो, ड्रायव्हरशी तोंड वाजवतो. एकदा शिळा माल आणला म्हणून एका मोठ्या व्यापाऱ्याचा थर्माकोलचा डबा मी रस्त्यावर ओतला होता. बाजारात मला फार प्रेमाने कोणी बोलत नाही, पण फसवायला कोणी धजत नाही. बोरतळ्याच्या आठवडी बाजारात विकली जाणारी मासोळीही माझ्याच गोदामातून जाते. माय माझ्याकडे राहते. ती ही मासोळी खात नाही. ताट पुढे केलं की विचारते, "हे मासोळी कोन्या गावची हाय?"

"आंध्राची, माय."

"मंग त्या लोकायले खाऊ दे."

मध्यंतरी एका नातेवाइकाच्या लग्नाला गावी गेलो. लग्न त्याच मंगल कार्यालयात. मी बघत होतो, पाळ कुठे होती, पायऱ्या कुठे होत्या. हिशेबाने तुडूम स्टेजच्या डाव्या बाजूला आलं, जिथे डीजेचे डबे ठेवले होते. पावसाळ्यात तिथे घोट्याएवढं पाणी साचतं. लोक म्हणतात, नाली बरोबर काढली नाही. मी जेवलो. जिलबी मागून घेतली. वाटलं होतं, घास उतरणार नाही. उतरला.

रामाजी पुढच्या खुर्चीत बसले होते. म्हातारे झाले आहेत, पण कान तिखट आहेत. मी जवळून जाताना त्यांनी हात धरला.

"कोनाचा रे तू?"

"लक्ष्मण ढिवराचा."

"हो हो. चांगला मानूस होता." मग शेजारच्या पाहुण्याकडे वळून सांगू लागले, "याच्याच बापानं तलाव फोडला होता. कोनाचं आयकलं नाई त्यानं. म्हने, गावासाठी देऊन राह्यलो."

पाहुण्याने माझ्याकडे बघून मान डोलावली. मी हात सोडवून घेतला आणि बाहेर आलो. माझ्यासारखा माणूस, जो पावशेर कमी भरलं तर बाजार डोक्यावर घेतो, तो एक शब्द बोलला नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात रामाजींचा मुलगा अविनाश गोदामावर आला. कृती समितीचा अध्यक्ष तोच. त्याला मोर्च्यासाठी माझ्या गाड्या पाहिजेत आणि स्मरणिकेला हा लेख. मी म्हटलं, गाड्या देतो, लेखही देतो. तुझ्या बापाला ग्रामसभेत उभं कर.

"बाबाची तब्येत बरी नसते, दादा."

"लग्नात तं चार मानसायचं जेवन जेवले ते."

"जुनं काऊन उकरून राह्यले? तालुका आला तं सगळ्यायचंच भलं हाय."

"सगळ्यायचं? ढिवर किती राह्यले तुह्या गावात, सांग बरं."

  आमच्या आळीत आता एक घर उघडं आहे, तेही म्हाताऱ्या मावशीचं.

बल्लारपूरला माझं घर आहे, आधार कार्डावर तोच पत्ता आहे. मुलांना बोरतळा म्हणजे सुट्टीतलं ऊन वाटतं. मला गावाची ओढ लागते असं म्हणणं खोटं होईल. मोहाचा वास, बांधावरची वाट असलं मी लिहिणार नाही, ते दुसऱ्यांनी लिहिलेलंच आहे. बल्लारपुरात, चंद्रपुरात मला माझ्या मालावरून ओळखतात. बापाच्या नावावरून ओळखणारी माणसं फक्त बोरतळ्यात आहेत. माझ्यासाठी गाव आता एवढंच उरलं आहे. आणि तिथेच माझ्या बापाच्या नावावर तलाव फोडल्याचा डाग आहे. दुसऱ्या कुठल्या बाजारात तो धुतला जात नाही.

तालुका तुम्हाला मिळो, खैरपेठला राहो, मला त्याचं काही नाही. पण माझ्या बापाने कोणाचं न ऐकता स्वखुशीने तलाव फोडला, असं छापलेलं मी चालू देणार नाही. रामाजी, येत्या ग्रामसभेत मी पुढच्या रांगेत बसणार आहे. अविनाशला पाठवू नका, मास्तरांकडून लिहून आणू नका. तुमच्या तोंडाने, सगळ्यांसमोर सांगा: लक्ष्मण ढिवराच्या घरी तलाव मागायला कोण आलं होतं? आमच्या पोरांना काय कबूल केलं होतं? आणि ती जागा तुमच्या जावयाला कोणी दिली?