रविवारच्या आत मिटवायचा अबोला

औरंगाबादच्या छावणीत आमची पलटण आली तेव्हा माझी नोकरी तीन वर्षांची झाली होती. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे, पण मी तेव्हाचं लिहितोय म्हणून तेव्हाचंच नाव लिहितो. माझं गाव पन्हाळ्याच्या मागं डोंगरात. शाळा आठवीत सुटली. स्वभाव काळजीचा. निजताना बुटाच्या नाड्या दोनदा बघायचो, आणि घरून पत्र आलं नाही की जेवण उतरायचं नाही. अशा माणसाला फौजेनं सांभाळलं, याचे उपकार मी विसरणार नाही.

दिवस ठरलेला असायचा. पहाटे पीटी, मग परेड, वेपन ट्रेनिंग, लंगरात जेवण, संध्याकाळी खेळ आणि रिपोर्ट. रविवारी मंदिर परेड. बाहेरच्या लोकांना हे माहीत नसतं म्हणून सांगतो. मंदिर परेडला सगळी कंपनी बसते. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळे बूट काढून एका सतरंजीवर. मी आजोबांपासून ख्रिस्ती, पण भजनाला ढोलकी माझ्याच हातात असायची. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

टाळ धरायचे नाईक उत्तम पठाडे. करमाडचे. घरची शेती जालना रोडला लागून. उंच, आवाज भरदार, आणि चेष्टा करायची दांडगी खोड. शिपाई लोक त्यांना उस्ताद म्हणायचे. त्यांनी माझं नाव पाद्री ठेवलं होतं. त्यात डूख नव्हता, मला ते आवडायचंसुद्धा.

मंदिर परेड सुटली की मला चर्चला जायच्या परवानगीचा आउटपास मिळायचा. छावणीतलं चर्च जवळ होतं. लहानपणी मी प्रार्थना पाठ म्हणायचो, पाढे म्हणावेत तशी. फौजेत आल्यावर देवाकडे माझं मागणं एकच असायचं: मला सुखरूप घरी ने. इथल्या पाळकसाहेबांनी मला धरलं. म्हणाले, "याकोब, तुझी प्रार्थना फार लहान आहे. तिच्यात तू एकटाच मावतोस." मग त्यांनी मला दृढीकरणाच्या वर्गात घेतलं. दृढीकरण म्हणजे, बाळपणी आईबापांनी तुमच्यासाठी दिलेला शब्द तुम्ही मोठेपणी स्वतःच्या तोंडानं द्यायचा. त्यासाठी बिशपसाहेब यावे लागतात, आणि ते फार दिवसांनी येतात. दृढीकरण झालं की प्रभूच्या मेजावर पहिल्यांदा भाकर आणि प्याला मिळतो.

मी वेडा झालो होतो म्हटलं तरी चालेल. गार्ड ड्युटीवर उभा असताना धडे घोकायचो. रायफल साफ करताना आपोआप गाणं गुणगुणायचो. आतून कोणीतरी हाका मारतंय आणि मी धावत निघालोय, असं वाटायचं.

त्याच सुमाराला भांडण झालं. कंपन्यांची भजनाची चढाओढ होती आणि तीच वेळ वर्गाची होती. मी पास घेऊन वर्गाला गेलो. आमची कंपनी हरली. संध्याकाळी भरल्या लंगरात पठाडे उस्ताद म्हणाले, "ह्या पाद्रीचा देव फकस्त आउटपासवर भेटतो."

मी ताट हातात धरून म्हणालो, "आणि तुमचा देव ट्रॉफी दिसली तरच भेटतो."

लंगर हसलं. आम्ही दोघं हसलो नाही. त्या दिवसापासून अबोला.

फौजेत अबोला धरणं सोपं नाही, कारण हुकूम तर ऐकावाच लागतो. त्यात आम्ही एकाच बोटीवर. पुराच्या मदतीसाठी आमच्या कंपनीत बोटींच्या टीम तयार ठेवलेल्या होत्या. आमच्या बोटीचे कमांडर पठाडे उस्ताद, मोटर चालवायला मी, आणि पुढं दोर सांभाळायला शिपाई दत्तू मगर, साताऱ्याकडचा. आम्ही दोघांनी वाट काढली ती दत्तूमधून. सराव तलावात चालायचा. उस्ताद म्हणायचे, "दत्तू, ह्याला सांग, इंजिन हळू कर." दत्तू माझ्याकडे वळून म्हणायचा, "याकोब, इंजिन हळू." मी म्हणायचो, "दत्तू, सांग त्यांना, केलंय." दत्तू वैतागून म्हणायचा, "मी टेलिफोनची तार हाय का रं तुमची? पगार दोघांनी मिळून द्या मला."

सगळ्या कंपनीला त्याची मजा वाटायची.

बिशपसाहेबांची तारीख आली. येता रविवार. सोमवारी पाळकसाहेबांनी वर्गात सगळ्यांना विचारलं, "कोणाशी वाकडं आहे का?" मी सांगून टाकलं.

ते म्हणाले, "आधी भावाशी मिटव. मग मेजाकडे ये. येशूनं हा क्रम असाच सांगितलाय."

"साहेब, ते माझे भाऊ नाहीत. नाईक आहेत."

"एका लंगरात जेवता ना?"

"जी."

"मग झालं. रविवारच्या आत मिटव. आणि तोवर रोज त्याचं नाव घेऊन प्रार्थना कर."

पहिल्या दिवशी नाव घेणं टाळलंच. दुसऱ्या दिवशी घेतलं, पण दात खाऊन. बुधवारी नाव घेताना मला उगाच त्यांचे टाळ ऐकू आले, आणि ध्यानात आलं की ढोलकी नसली की टाळ एकटे पडतात. ज्याच्यासाठी आपण देवापुढं उभं राहतो त्याच्यावर डाफरत राहणं जमत नाही, हे मला त्या आठवड्यात कळलं. मी चहाचा मग घेऊन त्यांच्या खाटेपाशी गेलो. बोलायचं ठरवून गेलो होतो. पण चहा नुसताच पुढं धरला.

उस्ताद चहाकडे बघून म्हणाले, "दत्तू, ह्याला सांग, चहा गार झालाय."

दत्तूनं पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

मी परत आलो. रविवार जवळ येत होता.

गुरुवारी दुपारी हुकूम आला. नाशिककडून पाणी सुटलंय, गंगापूर तालुक्यात गोदावरी पात्र सोडून पसरलीय, सिव्हिलनं, म्हणजे कलेक्टर कचेरीनं, मदत मागितलीय. तासाभरात गाड्या निघाल्या. रात्रीचा मुक्काम गंगापुरात एका शाळेत. शुक्रवारी सकाळी साडेसहाला बोटी पाण्यात.

असं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. ऊस दिसतच नव्हता. तांबडं पाणी, त्यावर कडब्याच्या पेंढ्या, एक चूल, तरंगणारा दरवाजा. खोटं कशाला सांगू, भीती वाटत होती, पण त्याहून जास्त अंगात काहीतरी उसळत होतं. आपण कोणाच्या तरी कामाला आलोय, या विचारानं हात शिवशिवत होते.

वायरलेस सेटवर आमच्या बोटीसाठी आवाज आला. "बोट दोन, बोट दोन, कंट्रोल. दक्षिणेला वस्ती. शाळेच्या छतावर माणसं. ओव्हर."

"कंट्रोल, बोट दोन. वस्ती दिसली. निघालो. ओव्हर."

पहिली फेरी बरी झाली. छतावरच्या बायका, पोरं, दोन म्हातारे आणले. दुसऱ्या फेरीत उस्तादांना पाण्याबाहेर आलेली खांबांची टोकं दिसली. नदीकाठी शेतकऱ्यांच्या पाणी उपसायच्या मोटारी असतात, त्यांच्या तारा या खांबांवरून जातात. वीज बंद केलेली होती, पण तारा पाण्यात लोंबत होत्या. ते या भागातले, त्यांना लगेच कळलं.

"दत्तू! ह्याला सांग, उजवीकडं घे!"

दत्तू दोर गुंडाळत होता. "काय?"

"उजवीकडं सांग त्याला!"

दत्तू माझ्याकडे वळला तोवर उशीर झाला. मोटरच्या पंख्यात तार गुंतली. मोटर बंद पडली, बोट आडवी फिरली आणि एका बाजूनं पाणी आत यायला लागलं.

मी ओरडलो, "उस्ताद! काय करू? उस्ताद!"

त्यांचा आवाज फुटला. "बोलला रे बोलला! पाद्री बोलला! मोटर वर उचल. दत्तू, वजन इकडं टाक. याकोब, पक्कड घे, तार काप, घाबरू नको, मी धरलंय तुला."

त्यांनी माझा पट्टा मागून धरला. मी मोटरवर ओणवा होऊन तार कापली. मोटर दुसऱ्या झटक्याला सुरू झाली. दत्तू आभाळाकडे बघून म्हणाला, "देवा, सुटलो. आता मरण आलं तरी चालंल."

"गप रं," उस्ताद म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसायला लागलो. पुराच्या मधोमध, भिजलेले, मोठ्यानं. तसा आनंद मला आयुष्यात फार थोड्या वेळा झालाय.

शाळेच्या छताला बोट लावून लोक उतरेपर्यंत थोडा वेळ मिळाला. मी सरळ म्हणालो, "उस्ताद, लंगरात बोललो ते चुकलं. रविवारी माझं दृढीकरण आहे. त्याच्याआधी तुमच्याशी मिटवायचं होतं."

"अरं, मला तुज्या देवाचा राग नव्हता. ढोलकीवाला गेला, त्याचा राग व्हता." त्यांनी तोंडावरचं पाणी पुसलं. "मी बी लई बोललो. चारचौघांत बोलायला नव्हतं पायजे. रविवारी मी येतो चर्चात. बाहेरच्या माणसाला चालतं का?"

"चालतं."

"जेवण असतं का?"

"चहा असतो."

"गरम द्यायचा मग," ते म्हणाले.

तिसरी फेरी कडुलिंबाच्या झाडाकडे होती. एक म्हातारा धनगर आणि त्याची सून फांदीवर अडकले होते. तारांमुळे बोट जवळ नेता येईना. उस्तादांनी दोर कमरेला बांधला, लाइफ जॅकेट आवळलं आणि पोहत गेले. सुनेला घेऊन आले. आमच्याकडची जादा जॅकेटं छतावरच्या लोकांच्या अंगावर गेली होती. ते परत झाडाशी गेले. म्हाताऱ्याचे हात फांदी सोडेनात. उस्तादांनी स्वतःचं जॅकेट काढून त्याला घातलं आणि दोरही त्याच्याच कमरेला बांधला.

मी हाक मारली, "उस्ताद, तुम्ही?"

"म्हाताऱ्याला आधी घे. दोर परत फेक. मोटर बंद करू नको, याकोब. मी हाय इथंच."

आम्ही म्हाताऱ्याला ओढून घेतलं. दत्तू त्याच्या कमरेचा दोर सोडत असतानाच वरून एक आख्खी बाभूळ वाहत आली. मुळांसकट. ती कडुलिंबावर आदळली आणि झाड आडवं झालं. पाणी पुन्हा सपाट दिसलं तेव्हा तिथं कोणी नव्हतं.

"कंट्रोल, बोट दोन. एक जवान पाण्यात. नाईक पठाडे. शोध चालू. ओव्हर."

अंधार पडेपर्यंत शोधलं. मोटर मी बंद केली नाही. शनिवारी दुपारी ते खालच्या बाजूला सापडले.

संध्याकाळी आमच्या कंपनीच्या मेजरसाहेबांनी मला बोलावलं. "याकोब, उद्याचा तुझा चर्चचा पास मंजूर आहे. तुझ्यासाठी मोठा दिवस आहे, मला माहीत आहे. खांदा द्यायला बेअरर पार्टीत दुसरा माणूस घेता येईल."

"सर, मी करमाडला जाणार."

पाळकसाहेबांना निरोप पाठवला. त्यांचं उत्तर दोन शब्दांत आलं: बरोबर केलंस. बिशपसाहेब पुन्हा यायला वर्षाच्या वर गेलं, आणि तेव्हा मी उभा राहिलो. त्या अवधीत मला एकदाही वाटलं नाही की मी मेजापासून लांब आहे.

रविवारी सकाळी करमाडला आम्ही तिरंग्यातलं पार्थिव खांद्यावर घेतलं. माझ्या पुढं दत्तू होता. गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं होतं. रायफली उलट्या धरून शोकशस्त्र झालं, बिगुल वाजलं, अग्नी दिला गेला. बिगुल वाजताना मी डोळे उघडे ठेवून प्रार्थना केली. तिच्यात मी नव्हतो.

परतायच्या आधी त्यांच्या आईनं निरोप धाडला, बोटीवरची पोरं कोण ती आत पाठवा. आम्ही दोघं आत गेलो. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे कोरडे.

"माज्या उत्तमशी आखरीला कोण बोललं?"

दत्तूनं माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "मी बोललो, मावशी."

"तू कोण?"

"याकोब. मोटर चालवतो."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "ढोलकीवाला?"

"व्हय."

"गेल्या टायमाला सुट्टीला आला तव्हा दोन दिस तुजंच सांगत व्हता. भाकरी मोडायची आन् म्हणायचं, आई, एक पोरगं माज्यासंगं बोलंना झालंय. म्या म्हणलं, तू बोल मंग. म्हणला, मी नाईक हाय, पहिलं कसं बोलू?" त्या भिंतीपासून पुढं सरकल्या. "मिटलं व्हतं का रं तुमचं?"

"मिटलं होतं, मावशी. शुक्रवारी सकाळीच."

"हसला का?"

"लई हसले."

मावशींनी डोळे मिटले आणि तेव्हा कुठं त्यांच्या गालावर पाणी आलं. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. दत्तू उठायला लागला, पण त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"बस लेकरा. घाई करू नको. पहाटपासनं सांग. उठला कव्हा, काय खाल्लं त्यानं, समदं सांग."

मी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सांगायला लागलो.