आमच्या टॉवरचा इतिहास, पाटील अण्णांच्या तोंडून

आमच्या टॉवरचे किस्से डब्याच्या टेबलावर साठत जातात. बाकीचे पोट धरून हसतात, मी मान खाली घालून भात कालवते. कारण बंगळुरूच्या एमजी रोडजवळच्या या जुन्या बिल्डिंगचा सगळा इतिहास आमच्या ॲडमिन टीमनं रचलाय, आणि त्या टीममध्ये मी आहे!

मूळ कलाकार पाटील अण्णा, आमचे मॅनेजर. निपाणीचे, मराठी आणि कन्नड दोन्ही फर्डं. नवा माणूस आला, पाहुणा आला, की अण्णांनी त्याला बिल्डिंगची टूर द्यायची, ही ऑफिसची पद्धत. खरा इतिहास कुणालाच ठाऊक नाही. "मग स्वल्प तिखटमीठ लावलं तर काय बिघडलं, मीना?" असं मलाच विचारतात.

*

एकदा लंडनच्या क्लायंटला अण्णांनी ठोकून दिलं, "पूर्वी आमच्या गच्चीवर हेलिकॉप्टर उतरायचं!"

तो म्हणाला, चला, बघू या. वर गेलो तर वॉचमनची लुंगी, दोन टॉवेल आणि चादरभर संडगे वाळत घातलेले! आमचे बॉस जोशी साहेब लाल झाले. मला तर कुठं तोंड लपवू असं झालं.

अण्णा शांत. म्हणाले, "आजची फ्लाइट कॅन्सल आहे, सर."

*

माझ्या लेकीनं तेच हेलिकॉप्टर शाळेच्या प्रोजेक्टमध्ये लिहिलं. टीचरनी मला बोलावून घेतलं. "ही माहिती कुठून मिळाली?"

लेक ठसक्यात म्हणाली, "पाटील अंकलकडून!"

एचएसआर लेआउटमधल्या त्या शाळेत पुढच्या मीटिंगला मी नवऱ्याला पाठवलं.

*

अण्णा रजेवर असताना जोशी साहेबांना 'हेरिटेज कॉर्नर' सुचला. इंटरनेटवरून एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला, भली मोठी फ्रेम केली, खाली लिहिलं 'आमचा टॉवर, तेव्हा'. खिळा मी उभं राहून ठोकून घेतला. आम्ही दोघंही पुण्याचे, इकडच्या लिप्या आम्हाला सगळ्या सारख्याच.

अण्णा परत आले, फोटोतल्या दुकानाची पाटी वाचली आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई, ही तमिळ आहे! हा टॉवर चेन्नईचा असणार!"

तोवर अख्खी बिल्डिंग तो फोटो बघून गेली होती. कुणी एका शब्दानं बोललं नाही हो! तेच जास्त लागलं.

*

यंदा आमची लीज संपत आली. बिल्डिंगच्या मालकीणबाईंचा मुलगा म्हणत होता, बिल्डरला देऊन टाकू, पाडू दे. तसं झालं असतं तर ऑफिस थेट शहराबाहेर बोम्मसंद्र्याला जाणार. अण्णांची आई मल्लेश्वरमच्या घरी अंथरुणाला खिळलेली. दुपारी मेट्रोनं जाऊन तिला भरवून येतात ते. "तिकडं गेलो की नोकरी सोडली म्हणून समज," असं ते मला म्हणाले, तेव्हा पहिल्यांदाच त्यात तिखटमीठ नव्हतं.

नवी लीज करायची की नाही, हे बाईंच्या हातात. सहीच्या दिवशी जोशी साहेब म्हणाले, "अण्णा, बाईंना टूर द्या. वयस्कर माणसांना इतिहास आवडतो."

बाई आल्या. लॉबीत पाऊल टाकायच्या आधी त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. मी धावले, "मॅडम, इथं चपला चालतात!" त्या नुसत्या हसल्या.

अण्णा कन्नडमधून सुटले. इथं इंग्रज साहेबाचा तबेला होता, दहा घोडे होते, लिफ्टपाशी लिदीचा ढीग पडायचा... एवढं कन्नड मलाही कळतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग लिफ्टकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इल्ली नम्म देवर मने इत्तु."

इथं आमचं देवघर होतं.

अण्णा तिथंच खाली बसले आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागले. मी सँडल काढले. जोशी साहेबांनीही बूट काढले, मोजा फाटलेला होता. लाजेनं कुणाला कुणाकडे बघवेना. लिफ्ट आली, आम्ही सगळे बूट हातात धरून वर गेलो.

बाईंनी कागद पुढं ओढले, चष्मा लावला, सही केली. मग अण्णांकडे बघून म्हणाल्या, "रहा तुम्ही. घोडे तेवढे बाहेर काढा."