पाटावरचा हिमालय

मी आयुष्यात एकच तैलचित्र काढलं आणि त्याची पूजा झाली.

निवृत्तीनंतर माणसानं काहीतरी शिकावं, असं सगळे म्हणतात. (शिकायला लागलं की तेच सगळे हसतात.) मी गंगापूर रोडवरच्या एका चित्रकलेच्या वर्गात नाव घातलं. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या लेकीपेक्षा लहान. हिमालय काढायचा होता. उत्साहाच्या भरात मी आधी कोपऱ्यात झोकदार सही केली आणि मग डोंगराकडे वळलो. मॅडम रोज माझ्यामागे येऊन थांबायच्या, "हं" म्हणायच्या आणि पुढं जायच्या. शेजारच्या काकूंच्या साध्या टेकडीला मात्र "वा!" मला फक्त एक 'वा' हवा होता हो!

वर्गाच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी घरीच बर्फाचा शेवटचा जाडजूड थर दिला. बायकोला बजावलं, "सुमन, कुणी हात लावायचा नाही. तेलाचा रंग आहे, आठवडाभर ओला राहतो."

"आणि माझ्या फरशीला डाग पडले म्हणजे?" म्हणत तिनं चित्राखाली पाट ठेवला. टर्पेंटाइनच्या वासानं तिचं डोकं उठलं, म्हणून शेजारी उदबत्ती लावली. मी निश्चिंत मनानं आंघोळीला गेलो.

तेवढ्यात वणीहून विहीणबाई आल्या, म्हणजे आमच्या लेकीच्या सासूबाई. दारातून पाहतात तो समोर डोंगर, खाली पाट, बाजूला उदबत्ती. त्यात वार शुक्रवार!

"अगं बाई, सप्तशृंगीचा गड! लय भारी काढलाय भाऊंनी! सुमनताई, हळदकुंकू आणा बरं. अक्षता पण आणा."

"ताई, ते जरा..."

"जरा काय? पाटावर मांडलंय अन् पूजा नाय?"

विहिणीला नाही म्हणायची कुणाची छाती आहे? लेक त्यांच्या घरात आहे! सुमननं मुकाट्यानं ताट पुढं केलं.

मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो, तर शिखरावर कुंकवाचा टिळा, आणि विहीणबाईंच्या मुठीत अक्षता!

"थांबा!" मी ओरडलो.

त्या दचकल्या आणि अख्खी मूठ डोंगरावर गेली. एक दाणा खाली पडला नाही! मग त्यांनी भक्तिभावानं डोंगराला हात लावला आणि तोच कपाळाला टेकवून तोंडावरून फिरवला.

"भाऊ, गड ओला कसा हो?"

"गड नाही, हिमालय आहे तो!"

"हिमालय? मग बर्फ कुठं हाय?"

बर्फ त्यांच्या नाकावर होता.

सुमन खोबरेल तेल घेऊन त्यांचं तोंड पुसायला लागली. मी चिमट्यानं अक्षता उपटायला लागलो, पण दाण्याबरोबर रंगही निघायचा आणि खड्डा पडायचा. शेवटी हात टेकले. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. (टर्पेंटाइनचं नव्हे.)

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात मॅडम माझ्या चित्रासमोर थांबल्या. वाकल्या. चष्मा सारखा केला.

"वा, काका! शिखरावरचं हे पहिलं कोवळं ऊन! आणि बर्फाचा हा खरखरीतपणा! कसं सुचलं तुम्हाला?"

"आणि डोंगर?" मी विचारलं.

"हं," मॅडम म्हणाल्या.

म्हणजे 'वा' विहीणबाईंचा आणि 'हं' माझा. निदान सही तरी पुसून टाकावी, म्हणून मी गुपचूप रुमाल काढला. अख्ख्या चित्रात तेवढीच वाळली होती.