देवाच्या फोटोची जागा

जुन्या ट्रॉलरचं इंजिन खलाशाने पहिल्याच दमात सुरू केलं. दादाने फळ्या ठोकून पाहिल्या आणि म्हणाला, "लाकूड बरं आहे. घेऊया."

मी केबिनमध्ये शिरलो. धुराने काळवंडलेल्या भिंतीवर एक चौकोन जरा उजळ होता, त्याच्या वर रिकामा खिळा. आमच्याकडे बोट विकली की सौदा झाल्यावरच जुना मालक आपला देव उतरवून घरी नेतो. इथे सौदा व्हायचा होता आणि त्या चौकोनावरही धूर बसू लागला होता.

"देव कुठाय?" मी खिडकीतून मालकाला विचारलं.

"घरी नेला. दोन वर्सं झाली."

"आणि बोट?"

"चालूच हाय की. खलाशी जातात."

माणूस आपली भीती बोलून दाखवत नाही. ज्यात जीव गुंतलाय तेवढं गुपचूप काढून घेतो, बाकीचं तसंच चालू ठेवतो. मीही कुठून कुठून काय काय असं काढून घेतलंय, ते आठवू लागलं.

पायाखाली इंजिन घुमत होतं. दादा खुशीत होता. मालक धक्क्यावरूनच बोटीचे गुण सांगत होता. सकाळपासून त्याने बोटीवर पाय ठेवला नव्हता.