व्हर्लिनच्या नावाचे हॅम्बर्गर

व्हर्लिन डर्कसेबद्दल लिहावे इतके मला त्याच्याविषयी माहीत नाही. आमच्या दोन अंगणांमध्ये झुडपांची एक रांग होती. तो दुधाचा टँकर चालवायचा, लग्न केले नव्हते, आणि रविवारी चर्चमध्ये आमच्या मागच्या बाकावर बसून बेसूर गायचा. त्याला कशाची भीती वाटे, कशाचे दुःख होई, हे मी कधी विचारले नाही. मला पक्के ठाऊक होते ते एकच: माझ्या बायकोला, आर्डिसला, त्याचे हॅम्बर्गर माझ्यापेक्षा जास्त आवडत.

आमच्या विस्कॉन्सिनमध्ये ज्याचे अंगण त्याची कोळशाची शेगडी. पाहुण्याने बिअर हातात धरून बाजूला उभे राहायचे. दुसऱ्याच्या उलथन्याला हात लावणे म्हणजे त्याच्या खुर्चीत जाऊन बसणे. त्यामुळे उघड तुलना कधी झाली नाही. माझ्याकडे आर्डिस एक हॅम्बर्गर खाई आणि "छान झालाय" म्हणे. त्याच्याकडे ती काहीच बोलत नसे, दुसरा घेई.

मग तिच्या पोटाचे ऑपरेशन झाले. घरी आली, पण घशाखाली काही उतरेना. सूप परत, पुडिंग परत. आणखी वजन उतरले तर पुन्हा भरती करून नळीने अन्न द्यावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. एका दुपारी ती उशीवरून म्हणाली, "व्हर्लिनचा हॅम्बर्गर मिळाला तर खाईन."

"मी करतो की."

"तुझा नको रे. त्याचा."

आजारी माणसाला दुसऱ्याचे मन सांभाळायची ताकद नसते. मी झुडपांपलीकडे गेलो.

"आर्डिसला तुझा हॅम्बर्गर हवाय."

"का, तुझी शेगडी मोडली काय?"

"नाही."

त्यावर त्याने आणखी थट्टा केली नाही. तेही मला आवडले नाही.

तो मला गेरिटच्या मांसाच्या दुकानात घेऊन गेला. मी आजवर मोठ्या बाजारातून बिनचरबीचा लाल खिमा आणत आलो होतो, हृदयाला बरा म्हणून. व्हर्लिनने खांद्याचा तुकडा निवडला, चरबीसकट, आणि समोर उभे राहून खिम्याच्या यंत्राच्या जाड जाळीतून एकदाच काढून घेतला.

"हार्लन, आज जाणकार माणसाबरोबर आलास," गेरिट म्हणाला.

"पिशवी धरायला आलाय तो," व्हर्लिन म्हणाला. दोघे हसले. मी पिशवी धरली.

गार हॅम्बर्गर आजाऱ्याला द्यायचा नाही, म्हणून आमच्याच अंगणात करायचे ठरले. कोळसे फुलले. मी उलथने पुढे केले. त्याने हात खिशातून काढले नाहीत.

"तुझं अंगण आहे."

"अरे, तिला तुझ्या हातचा हवाय."

"मी सांगतो, तू कर."

आणि या वयात, स्वतःच्या अंगणात, मी हुकूम ऐकू लागलो.

"मळू नकोस, कणीक नाही ती. नुसता गोळा कर, सैल. मधे अंगठ्यानं खळगा दे. मीठ आता, वरून."

टिक्की शेगडीवर चरचरली तशी सवयीने मी ती उलथन्याने दाबायला गेलो.

"दाबू नको. सगळा रस कोळशाला जातो. कोळसा आजारी नाहीये."

एकदाच उलटली. कडक पावाला लोणी, वर कच्चा कांदा आणि बाटलीतली वाटलेली मोहरी. मी बशी वर नेली. आर्डिसने सावकाश सगळा हॅम्बर्गर संपवला, बोटावरचे लोणीसुद्धा चाटले. मग खिडकीतून खाली म्हणाली, "व्हर्लिन, तुझ्यासारखा कोणाला जमत नाही बघ."

त्या खिडकीतून ओसरीच्या छपरामुळे शेगडी दिसत नसे, शेजारी उभा असलेला व्हर्लिन तेवढा दिसे. त्याने बोलायला तोंड उघडले. मी तिच्या मागूनच नको म्हणून मान हलवली. माझा आहे हे कळल्यावर पुढच्या वेळी तिने बशी सरकवली असती तर? तिने खावे हे मला शाबासकीपेक्षा जास्त हवे होते. थोडेसेच जास्त. त्याने टोपी उचलून तिला अभिवादन केले. ती टोपी मला अजून खुपते.

त्या उन्हाळ्यात दर शनिवारी असेच चालले. मी भाजायचे, त्याने दिसायचे. आर्डिसचे गाल भरले. एका शनिवारी तिने ओठांना रंग लावला. मी पाहिले, विचारले नाही. त्याच दिवशी व्हर्लिन इस्त्रीचा शर्ट घालून आला.

"आज कुठे लग्न आहे?" मी म्हटले.

"शनिवार आहे," तो म्हणाला.

मी त्याच्या वाटणीची टिक्की चांगली दाबून भाजली. त्याने ती मुकाट्याने खाल्ली.

ऑक्टोबरमध्ये तो गेला, आपल्या गॅरेजमध्ये खुर्चीवर बसल्या बसल्या. आदल्या संध्याकाळी तो झुडपांपाशी पाने गोळा करत होता.

"आता सांगून टाक की तिला," तो म्हणाला. "चांगली झालीय ती. स्वतः जिना उतरते."

"बघू."

"सांगितलंस की मला यायला नको."

"ये तू. नाही आलास तर ती विचारेल."

"बरं. मोहरी संपलीय तुझी. मी घेऊन येतो."

"आण," मी म्हणालो.